श्रीहरीची उठवणी

श्रीहरी उंदिरवाडेला आमच्या खाणीत सगळे डबेवाला म्हणत. त्याचं त्याला काही वाटायचं नाही, पण त्याच्या डब्याला कुणी डबडं म्हटलं की गडी असा तापायचा की समोरच्याला चहा पाजूनच सुटका करून घ्यावी लागे. हे डबे म्हणजे गॅस मोजायची यंत्रं. कोळशाच्या खाणीत फटींतून एक गॅस झिरपतो, त्याला ना रंग ना वास. थोडा असला तर कुणाचं काही बिघडत नाही, पण वाढला आणि ठिणगी मिळाली की भडका उडतो. म्हणून सुरुंग उडवण्याआधी डबा छताशी धरायचा, आकडा बघायचा आणि मगच पुढचं काम. आमच्या चंद्रपूरकडच्या खाणींत गॅस नावापुरताच, असं साहेब लोक छातीठोकपणे सांगत. असं सांगणारे स्वतः फारसे खाली उतरत नसत, एवढं मी इथे लिहून ठेवतो.

मी नानाजी. खाणीतले टेलिफोन सांभाळणं हे माझं काम. वर्कशॉपमध्ये श्रीहरीला आणि मला मिळून एकच खोली होती. अर्ध्या भागात माझी तारांची भेंडोळी, अर्ध्या भागात त्याचे डबे, आणि मधल्या टेबलावर कुणाचा हक्क यावरून आमची रोजची कुरबूर. मी वयाने मोठा म्हणून तो मला नानाजीभाऊ म्हणायचा, आणि भाऊ म्हणून म्हणून टेबल बळकावायचा.

गाव त्याचं चामोर्शीकडे, धानपट्टीत. बाप रामाजी. छप्पन साली रामाजीने दीक्षा घेतली आणि घरातले देव वैनगंगेत सोडले. त्याच साली हा झाला. आजीने नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, आणि रामाजीने देव सोडले तरी आईचा शब्द मोडला नाही. म्हणून बुद्धविहारात जाणाऱ्या घरात श्रीहरी. मी त्यावरून त्याला चिडवायचो. तो म्हणायचा, "माहा बुडा बाप सांगून गेला हाय, आपले देव आपन सोडले, आता दुसऱ्याच्या देवाले हात नाई लावाचा अन् नाकही नाई मुरडाचं." हे तो अक्षरशः पाळायचा. कुठे पूजा, नवस, कोंबडं दिसलं की हा हळूच बाहेर जाऊन उभा राही. पुढे जे घडलं ते या सभ्यपणामुळे घडलं असं मला अजून वाटतं, आणि अशा चांगल्या गोष्टीतून असं वाईट निघावं याचा मला राग येतो.

डबे तीन जातींचे होते. तीन खेपांत आले, आणि दर खेपेला बनवणाऱ्या कंपनीने आतला प्रोसेसर बदललेला. प्रोसेसर म्हणजे आतली ती काळी, पायांची चिप, डब्याचं डोकं. पहिल्या खेपेचा ऐंशी, दुसऱ्या खेपेचा पंच्याऐंशी, तिसऱ्या खेपेचा झेड-ऐंशी. एकाच घराण्यातले भाऊ, भाषा बहुतेक एकच, पण अंगाची ठेवण निराळी. आता बटण दाबल्यावर या डोक्याला काही म्हणजे काहीच ठाऊक नसतं. आपण कोण, आपली मेमरी कुठे, गॅस हुंगणारं तोंड कोणत्या तारेवर, सगळं विसरलेलं. ते सरळ शून्य नंबरच्या घरात जातं आणि तिथे जे लिहिलं असेल ते वाचून कामाला लागतं. त्या पहिल्या लिखाणाला साहेब लोक बूट प्रोग्राम म्हणत. श्रीहरी त्याला उठवणी म्हणायचा. झोपेतल्या लेकराला उठवून, तोंड धुऊन, शाळेच्या वाटेला लावायचं, तेवढंच तिचं काम.

दर जातीची उठवणी वेगळ्या चिपमध्ये यायची. एक डबा बिघडला की आम्ही दुसऱ्यातलं कार्ड काढून त्यात टाकायचो, आणि उठवणी चुकीच्या डोक्याला मिळाली की डबा मुका. कंपनी पत्राला उत्तर देईनाशी झाली तेव्हा श्रीहरीने ठरवलं, तिन्ही जातींना चालेल अशी एकच उठवणी लिहायची. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि एक फाटकं मॅन्युअल एवढ्यावर तो बसला. वर्षभर तरी त्याचं दुसऱ्या कशात लक्ष नव्हतं. जुनं लिखाण पुसायला चिपच्या काचेच्या खिडकीवर खास दिवा पाडावा लागतो. तो आमच्याकडे नव्हता. याने चिपा वर्कशॉपच्या पत्र्यावर उन्हात मांडल्या. आठवड्याभरात कोऱ्या व्हायच्या. "चंद्रपूरचं ऊन फुकट जाऊन राह्यलं होतं," म्हणाला. माझ्या बायकोच्या पापडांशेजारी त्या चिपा वाळताना मी स्वतः पाहिल्या आहेत.

आणि त्याने ते साधलं. एक हुकूम असा होता, की थोरला भाऊ तो ऐकून काहीच करायचा नाही, मधला आपल्या पायांची खबर द्यायचा आणि धाकटा सरळ पुढे उडी मारायचा. उठल्या उठल्या तो हुकूम सोडायचा आणि समोरचा काय करतो ते बघायचं. म्हणजे आपण कुणाच्या डोक्यात आहोत ते उठवणीला कळायचं आणि ती त्याप्रमाणे पुढची मांडामांड करायची. पहिल्यांदा तिन्ही जातींचे डबे एका चिपवर ओळीने उठले तेव्हा तो माझ्या टेबलावर चढून नाचला. टेबलाचा पाय मोडला तो आजतागायत मोडकाच आहे.

एकच अडचण राहिली. जुन्या उठवणीत स्वच्छ हवेचा एक आकडा कोरलेला असे. डबा उठताना तोंडाशी आलेली वीज त्या आकड्याशी ताडून बघायचा, फरक पडला तर लाल दिवा लावून अडून बसायचा. पण तीन जातींची तोंडं तीन ठिकाणची, काही नवी, काही झिजलेली. एकच आकडा सगळ्यांना कसा लागणार? रोज सकाळी निम्मे डबे लाल. पाळी खोळंबे, मॅनेजर साहेब ओरडत, "उंदिरवाडे, डबे उठले पाहिजेत, बाकी मला काही सांगू नका." श्रीहरीने बरीच खटपट केली आणि शेवटी ती तपासणीच काढून टाकली. उठताना समोर जी हवा असेल तीच स्वच्छ धरायची, आणि तिथून पुढे मोजायचं. आकडा शून्याच्या खाली गेला तर शून्यच दाखवायचं, कारण उणे दिसलं की खालची माणसं बिचकत. बदल्यात नियम केला, की डबा फक्त वर, बत्तीघरातच उठवायचा. बत्तीघर म्हणजे खाणीच्या तोंडाशी दिवे वाटायची खोली, चारी बाजूंनी मोकळी. तिथे गॅस कुठून येणार? मॅनेजर म्हणाले बरोबर, खालच्या पाळीवर देखरेख करणारे ओव्हरमन म्हणाले बरोबर, मीही मान डोलावली. डबे सगळे उठू लागले आणि जुने तेलाचे दिवे, ज्यांच्या ज्योतीवरून पूर्वी गॅस ओळखत, ते फळीवर चढले.

बत्तीघर मंगरू कोडापेच्या ताब्यात होतं. गोंडपिपरीच्या पलीकडच्या जंगलातल्या गावचा हा गोंड माणूस, खाण सुरू झाली तेव्हापासून तिथे. बोलणं कमी, काम चोख. दिवे वाटण्याआधी तो एका छोट्या बाटलीत बोट बुडवून मोहाच्या दारूचे चार थेंब फळीकडे उडवायचा. त्याच्या घरची रीतच तशी होती. जे लोखंड भुईत जाणार, त्यावर भुईचा वाटा आधी द्यायचा. नांगराला तसं, कुदळीला तसं, खाणीच्या दिव्यालाही तसंच. साहेबांना ठाऊक होतं, पण मंगरू पिऊन आला असं कधी झालं नाही, म्हणून कुणी अडवलं नाही. श्रीहरी रोज सकाळी डबे बघायला तिथे जायचा आणि मंगरूने बाटली काढली की बापाच्या शिकवणीप्रमाणे बाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभा राहायचा. मग मंगरू हाक मारी, "या साहेब, झालं आमचं."

मंगरूचा धाकटा भाऊ डोमा. आईबाप लहानपणीच गेले, मंगरूने आणि त्याच्या बायकोने, सोमारीने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. डोमा सिरदार झाला. सिरदार म्हणजे खाली गॅस तपासून सुरुंगाची परवानगी देणारा, परीक्षा पास होऊन सर्टिफिकेट मिळवलेला माणूस. त्यांच्या गावातला पहिलाच. सर्टिफिकेट हातात आलं त्या दिवशी त्याने दारू सोडली. "सिरदाराच्या तोंडाचा वास सगळे घेतेत," म्हणायचा. त्याची बायको बुधरी, हसरी बाई. हे सगळे एकाच आवारात राहत, एका चुलीवर जेवत. डोमाचं आणि श्रीहरीचं चांगलं जमायचं. डोमा डबा हातात घेऊन म्हणायचा, "भाऊ, तुहा डबा शून्य म्हनते म्हनजे शून्यच हाय. मी तेलाचा दिवा आता पाहत नाई."

सत्याऐंशी सालच्या पावसाळ्याचा शेवट होता. मंगरू नव्या धानाच्या सणाला गावी जाऊन सोमवारी पहाटे थेट कामावर आला. खाणीलाही रविवारची सुट्टी होती, खालची हवा खेळवणारा पंखा बंद राहून गॅस साचला होता. त्या दिवशी पहिल्या पाळीत डोमाने चढत्या बोगद्याच्या टोकाशी डबा छताला लावला, आकडा शून्य बघितला आणि सुरुंगाला परवानगी दिली. भडका उडाला. डोमा जागीच गेला. बरोबरचा पोचू नावाचा मजूर कोपऱ्याआड होता म्हणून भाजून का होईना वाचला. टेलिफोनवर पहिली खबर मी घेतली. पलीकडून काय ओरडत होते ते मला अजून स्वच्छ ऐकू येतं, पण ते मी लिहिणार नाही.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले. डोमाचा डबा वर आला होता, कातडी म्यान करपलेलं, पण आतून शाबूत. तो तपासायला श्रीहरीकडे दिला. श्रीहरीने तो आमच्या खोलीत उठवला, ब्लॅडरमध्ये, म्हणजे रबरी पिशवीत, मोजून भरलेला गॅस त्याच्या तोंडाशी सोडला. डबा बरोब्बर बोलला. पुन्हा केलं, पुन्हा बरोबर. तसं त्याने खरंखरं सांगितलं. आणि म्यानाच्या पट्ट्याला मोहाच्या दारूचा वास होता, तो तर सगळ्यांनीच घेतला.

झालं, साहेबांना हवं होतं ते मिळालं. यंत्र ठीक, माणूस प्यायलेला. सिरदाराने गॅस तपासलाच नाही. दवाखान्यातून पोचू कळवळून सांगत होता, "त्यानं डबा वर धरला होता, मी पायलं, शून्यच होतं," पण पोचूचं कोण ऐकतो? तोही त्याच्याच बरोबर प्यायला असेल, म्हणाले. जंगलातले लोक, सण होऊन गेलेला, मग काय! असं म्हणताना त्यांना काही पुरावा लागत नाही. माझं डोकं असं फिरलं होतं की मी दोन दिवस ऑफिसचा टेलिफोनच दुरुस्त केला नाही. तेवढंच माझ्या हातात होतं.

बुधरी वर्कशॉपच्या दाराशी आली. साहेबांपुढे ती गेली होती, तिथून तिला हाकललं होतं. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरूनच बोलली. "भाऊ, तुमी म्हनता डबा खरा हाय. मंग माहा मानूस खोटा हाय का? त्यानं थेंब पेला नाई. लेकराइले उद्या लोक काय म्हनतीन? बाप दारू पिऊन मेला, अन् दुसऱ्यालेबी जाळलं, असं म्हनतीन."

ती गेल्यावर श्रीहरीने तो पट्टा पुन्हा नाकाशी धरला. मग म्हणाला, "नानाजीभाऊ, वास तोंडाचा असता तर म्यानाले कसा आला? डब्यावर दारू पडली कुठून?"

दुसऱ्या सकाळी तो बत्तीघरात गेला. मीही बरोबर होतो. मंगरू सुतकात होता, दाढी वाढलेली, पण कामावर यायचा. त्याने बाटली काढली. या वेळी श्रीहरी बाहेर गेला नाही. उभा राहून बघत राहिला. मंगरूने बोट बुडवून फळीकडे थेंब उडवले आणि मग डब्यांची बटणं दाबायला लागला.

"मंगरूभाऊ," श्रीहरीने विचारलं. "त्या सोमवारीबी असंच केलं होतं?"

"नाई," मंगरू म्हणाला. "त्या दिवशी सनाची होती, देवापुढची. ते बोटानं नाई देत. तुमी बाहेर कडुलिंबाखाली होते, तवा ओंजळीनं देल्ली, डब्याइवरच. डोमाच्या डब्याले पयले देल्ली, भरपूर. म्हनलं नवं धान घरी आलं, पोराले काई होऊ नये." आणि तो रडायला लागला. "मी काई कमी केलं नाई साहेब. काईच कमी नाई केलं."

मी अजून काही समजलो नव्हतो. श्रीहरी समजला होता. तो मला हाताला धरून वर्कशॉपकडे घेऊन गेला.

तिथे त्याने एका डब्याच्या तोंडावरच्या जाळीवर थोडी मोहाची दारू ओतली. मग बटण दाबलं. ते तोंड जळणारी कोणतीही वाफ हुंगतं, गॅसची काय आणि दारूची काय. डबा उठला, आणि त्या दारूच्या वाफेलाच स्वच्छ हवा समजला. आम्ही तो उन्हात ठेवला, दारू उडून गेली, म्हणजे आकडा खरा तर शून्याच्या किती तरी खाली. आकडा शून्य. मग ब्लॅडरमधला गॅस सोडला, भडका उडण्याजोगा भरपूर. आकडा शून्य. श्रीहरीने डबा बंद करून पुन्हा उठवला, पुन्हा गॅस सोडला. आता डबा बरोबर बोलला.

"जुन्या उठवणीत हा लाल झाला असता," तो म्हणाला. "अडून बसला असता. मी त्याले अडू देल्लं नाई."

मी त्याला खूप समजावलं. म्हटलं, तू मुद्दाम केलंस का? साहेबांनीच डोक्यावर बसून करून घेतलं. सांगायचं तर एवढंच सांग की डब्यात दोष होता. दारू कुठून आली ते ठाऊक नाही म्हण. तो म्हणाला, "मंग ते म्हनतीन डोमाच्याच हातून सांडली. दारू वर पडली, बत्तीघरात पडली, हे सांगतल्याबिगर डोमा सुटत नाई. अन् ते सांगतलं की मंगरूभाऊ..." गप्प बसावं तर मेलेला माणूस दारुडा ठरतो. बोलावं तर जिवंत माणसाला कळतं की धाकट्या भावाला आपण आपल्या हाताने मारलं, तेही त्याचं भलं मागताना.

श्रीहरीने जेवण सोडलं. त्याच्या घरी गेलो तर त्याच्या बायकोने, अंजनाबाईने मला विचारलं, "नानाजीभाऊ, यायले झालं तरी काय?" मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच निघाला. म्हणाला, साहेबांच्या तोंडून मंगरूने ऐकू नये, मीच सांगतो.

मंगरूच्या आवारात आम्ही दोघं गेलो. बुधरी पाण्याला गेली होती. सोमारीने खाट टाकली, श्रीहरी खाटेवर न बसता खाली बसला. त्याने सगळं सांगितलं, सोपं करून, आणि सुरुवात स्वतःपासून केली. उठवणी माझी, तपासणी मी काढली, चूक माझी. पण मंगरू काही खुळा नव्हता. आयुष्यभर ज्योत पाहून गॅस ओळखणारा माणूस तो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हनजे मी देल्ली नसती, तर डबा खरं बोलला असता?"

श्रीहरीला खोटं बोलता आलं असतं. मला वाटतं त्या क्षणी मी मनातल्या मनात त्याच्यापुढे हात जोडत होतो, की बोल बाबा खोटं, एकदा बोल. तो म्हणाला, "हो."

सोमारी दारातच बसली. मंगरू उठला, अंगणातल्या रांजणातून पाणी घेऊन त्याने हात धुतले. धुतच राहिला. मग म्हणाला, "साहेबाइपुढं मी येतो. माह्या हातानं केल्याबिगर ते मानतीन नाई."

चौकशी मॅनेजरच्या ऑफिसबाहेरच्या पडवीत झाली. टेबलावर डबे मांडले. बाहेरचे अधिकारी, मॅनेजर, ओव्हरमन, आणि खाली मातीत डोक्यावर पदर घेऊन बुधरी. मंगरूने बाटली काढली. त्या दिवशी जेवढी दिली तेवढीच द्या, असं अधिकारी म्हणाले. मंगरूने ओंजळ भरली. ओठ हलले, सवयीने असेल. मग त्याने ती पहिल्या डब्यावर सोडली, दुसऱ्यावर थोडी सोडली आणि तिसऱ्यापर्यंत हात पोचेना. श्रीहरीने त्याचा दंड धरला. डबे उठवले, सुकवले, गॅस सोडला. पहिला शून्य. दुसरा अर्धंमुर्धं बोलला. तिसरा, कोरडा, बरोबर.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "हा बूट प्रोग्राम कुणी लिहिला?"

"मी," श्रीहरी म्हणाला. मॅनेजर साहेब तेव्हा पडवीच्या वाशांकडे बघत होते. डबे उठले पाहिजेत म्हणणारे कुणीच तिथे नव्हते जणू.

डोमा निर्दोष ठरला. सिरदाराने नियमाप्रमाणे तपासणी केली होती, असं सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तेलाचे दिवे फळीवरून खाली उतरले. श्रीहरीला डब्यांवरून काढून काट्यावर, कोळशाचे ट्रक वजन करायच्या खोपटात बसवलं. पुढची सगळी नोकरी त्याने तिथेच केली. मॅनेजर साहेबांची बदली झाली, बढतीवर. यावर मी काही लिहीत नाही, लिहिलं तर छापायला कुणी धजणार नाही.

मंगरू त्या पडवीतून बत्तीघराकडे परत गेलाच नाही. घरीही फार दिवस राहिला नाही. बुधरी समोर आली की तो तोंड फिरवून उठून जाई. ती जेवण वाढायला आली तर ताटावरून उठे. सोमारी त्याला गावी घेऊन गेली, तिथे जंगलात त्याने आवारापासून लांब एक खोपटी घातली. देवाच्या कामाला त्याला कुणी बोलावलं तर जात नसे. सणाला आपल्या हाताने कुणाला काही देत नसे, पाण्याचा तांब्यासुद्धा नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो तिथेच वारला. आजार काही नव्हता.

बुधरीला खाणीने डोमाच्या जागी नोकरी दिली, बत्तीघरात. श्रीहरीने तिला भेटायला किती दिवस घालवले कुणास ठाऊक, शेवटी गेला. मी कडुलिंबाखाली थांबलो. ती दिव्यांच्या काचा पुसत होती, पुसतच बोलली, आवाज चढवला नाही. श्रीहरी परत आला तेव्हा मी विचारलं, काय म्हणाली? तो सरळ काट्याकडे चालत गेला, मी मागोमाग. ट्रक काट्यावर येऊन हॉर्न वाजवत होते, तेवढे त्याने वजन करून सोडले.

मग त्याने सांगितलं. बुधरी म्हणाली होती, "भाऊ, दारू पिऊन मेला म्हनत होते, तेच बरं होतं. तवा एकटा माहा मानूस गेला होता. घर तरी होतं."